त्याला विचारलं का

प्रतिभाला पहिले डाग दिसले ते नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी. आयुषला कोरडा बनियन घालायला तिने त्याचा उजवा हात वर केला, तर दंडाच्या आतल्या बाजूला, बगलेच्या जरा खाली, जांभळट असे चार ठिपके एका ओळीत. दुपारी त्याला सांभाळायला येणाऱ्या मंगलाबाईंनी बीट भरवलं असेल, त्याचा रंग लागला असेल असं वाटून तिने ओलं फडकं फिरवलं. ठिपके गेले नाहीत. मग तिने दंडाची बाहेरची बाजू पाहिली. तिथे एकच डाग होता, जरा मोठा.

चार आतून आणि एक बाहेरून. म्हणजे ते ठिपके नव्हते, कुणाची तरी बोटं होती.

आयुष पंचवीस वर्षांचा. जन्मताना डोक्याला ऑक्सिजन कमी पडला आणि हातपाय आखडले ते आखडलेच. उंची बापाची घेतली होती, वजन मात्र अंगाला धरलं नाही. चाकाच्या खुर्चीत पट्टा लावून बसायचा, भरवलं तर खायचा, हसायचा, रडायचा, घशातून एक लांब आवाज काढायचा. बोलणं नाही. त्याला काय काय कळतं याचा विचार प्रतिभाने पहिली दहा वर्षं खूप केला. दवाखाने झाले, मालीश झाली, व्यायाम झाले. पुढे कधीतरी तिने तो विचार सोडून दिला. भूक कळते, ऊन कळतं, आई कळते, एवढं तिने मनाशी धरलं आणि कामाला लागली.

घर नाशिकच्या कडेला, मखमलाबादला. दीड एकरात झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. सोमनाथ, तिचा नवरा, पहाटे चारला फुलांचे क्रेट गाडीत टाकून पंचवटीच्या फूलबाजारात जायचा तो नऊ-साडेनऊला परत यायचा. तोवर आयुषचं सगळं प्रतिभाकडे. साडेपाचला त्याला उठवायचं, काखेत हात घालून उचलायचं, खुर्चीत बसवायचं, मोरीत न्यायचं, सगळं धुवायचं, अंघोळ घालायची, पुन्हा उचलायचं. पंचवीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. मधे तिची आई वारली तेव्हाही ती सकाळचं आटोपून मग निघाली होती.

होळीच्या सुमाराला तिची कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की असंच उचलत राहिलात तर एक दिवस त्याच्या शेजारची खाट तुमची असेल. म्हणून सोमनाथने मंगलाबाईंना आणलं. पन्नाशीच्या, मूळच्या पेठ तालुक्यातल्या, आता पेठ रोडला एका खोलीत राहणाऱ्या. पूर्वी एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायच्या. दहाला यायच्या, पाचला जायच्या. प्रतिभाला परकी बाई घरात नकोच होती. शेवटी तिने एकच अट घातली, सकाळची अंघोळ मीच घालणार. आपल्या पोराला परक्याने उघडं केलेलं तिला चालणार नव्हतं. सोमनाथने मान डोलावली आणि तो विषय तिथे संपला.

मंगलाबाई आल्यापासून प्रतिभा दिवसा शेडमध्ये बसायची. फुलं निवडायची, जुड्या बांधायची. घर तिथून पन्नास पावलांवर. एप्रिलमध्ये तिला शेडपर्यंत आयुषचं हसणं ऐकू आलं. तसं मोठ्याने, दम लागेपर्यंत हसणं तिने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. निशिगंधाची जुडी हातात धरून ती ऐकत राहिली, आणि तिला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. माझ्यापुढे नाही हसत असा.

तर आता हे डाग.

सोमनाथला तिने दाखवले. तो दिवसभराचा थकलेला, त्याने बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाला की खुर्चीचा पट्टा घट्ट बसला असेल. पट्टा कमरेला असतो, दंडाला कसा लागेल, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला की गणपतीची ऑर्डर आलीय, उद्या बोलू. उद्या काही बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारल्यासारखं मंगलाबाईंना विचारलं, काल याला कुठे लागलं का. मंगलाबाई ताटली विसळत होत्या. "नाय ताई," त्या लगेच म्हणाल्या. फारच लगेच, असं प्रतिभाला वाटलं. आणि म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आयुषकडे पाहिलं. आयुषने डोळे घट्ट मिटून घेतले.

त्या दिवसापासून प्रतिभा नजर ठेवू लागली. मंगलाबाईंची नखं कापलेली आहेत का ते तिने पाहिलं. त्यांनी कालवलेला भात त्या बाहेर गेल्यावर चाखून पाहिला. पाणी प्यायच्या, मोबाइल विसरल्याच्या, चष्म्याच्या निमित्ताने ती अवेळी घरात येऊ लागली. चपला शेडपाशी काढायची आणि अनवाणी यायची, म्हणजे आवाज नको. दर वेळी मंगलाबाई आपल्या कामात असायच्या. पाय चोळत असायच्या, नाहीतर त्याला मोबाइलवर गाणी लावून देत असायच्या. ती आत आली की मात्र दोघांचं काहीतरी थांबायचं. काय थांबायचं ते तिला सांगता आलं नसतं. आणि आयुष अधूनमधून वर बघायचा. छताला. छताला एक पंखा होता, बाकी काही नाही. पूर्वी तो असा बघत नसे. ही सवय याला कधी लागली, कशाने लागली? माणूस घाबरलं की असंच कुठेतरी नजर लावून बसतं, असं तिने ठरवलं. पंख्याखाली उभं राहून तिने स्वतःही एकदा वर बघून घेतलं.

गणपती बसले, गौरी आल्या-गेल्या. जुने डाग पिवळे पडून विरले आणि डाव्या दंडावर नवे उठले. या वेळी तिने ते मोबाइलमध्ये टिपले. रोज सकाळी अंघोळ घालताना ती अंगाचा कण न् कण तपासायची आणि तपासताना तिच्या जिवाचा संताप व्हायचा. आयुषही आताशा सकाळी जास्तच आखडायचा. ती जवळ आली की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकवायचा, मान मागे टाकायचा. उचलता उचलता तिच्या कमरेतून कळ जायची. दिवसभर ती बाई याला काय करते कोण जाणे, म्हणून हा सकाळी असा होतो, हे तिचं पक्कं झालं.

पितृपक्ष संपत आला तेव्हाची गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला ती मागच्या दाराने आली. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहिलं की आतल्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. मंगलाबाई हळू आवाजात बोलत होत्या.

"आईला सांगू का?"

मग काहीच नाही.

"नको? बरं. नाय सांगत मी. आपल्या दोघांतच राहील ते."

प्रतिभाला धावत आत जाऊन त्या बाईचे केस धरावेसे वाटले. तशी ती गेली नाही. मागच्या पावली शेडमध्ये गेली, सोमनाथला हाताला धरून घेऊन आली, आणि आयुषचा शर्ट काढून त्याचा दंड मंगलाबाईंच्या समोर धरला. काय करता तुम्ही माझ्या पोराला, आणि आईला काय सांगायचं नाही, असं तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. सोमनाथला त्या शांत आवाजाचीच भीती वाटली, असं तो पुढे म्हणाला.

मंगलाबाईंनी दंडाकडे पाहिलं. मग प्रतिभाकडे पाहिलं, बराच वेळ. त्यांचे ओठ हलले. पण आयुष घशातून तो लांब आवाज काढू लागला होता, आणि त्याच्याकडे एकदा बघून त्या एवढंच म्हणाल्या की मी काय केलेलं नाय. पिशवी उचलली. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झाल्या, तर प्रतिभा मधे उभी राहिली.

आयुष दोन दिवस रडला. भात तोंडातून बाहेर काढायचा. प्रतिभाने सोमनाथला सांगितलं की इतक्या दिवसांची भीती बाहेर पडतेय, पडू द्या.

नवरात्र लागलं. दसऱ्याला झेंडूचा हंगाम, म्हणजे त्या घरात श्वास घ्यायला उसंत नसते. प्रतिभा पुन्हा सगळं एकटी करू लागली. सकाळ तिची होतीच, आता दुपारही तिची झाली. कमरेला पट्टा, वर गोळी. आयुषची खुर्ची शेडमध्ये आणून ठेवायची, एक डोळा त्याच्यावर आणि हात फुलांत. कुणी तिला विचारलं असतं की बाई, बरी आहेस ना, तर ती बरी आहे म्हणाली असती. पण कुणी विचारलं नाही. बाजारात ओळखीचे लोक सोमनाथला विचारायचे, मुलगा कसा आहे. सोमनाथ म्हणायचा, बरा आहे.

सहाव्या माळेला तिला पुन्हा डाग दिसले. उजवा दंड. चार आणि एक.

मंगलाबाईंना जाऊन आठ-नऊ दिवस झाले होते.

आता घरात राहिला कोण? आदल्या रविवारी सोमनाथने आयुषची दाढी केली होती. दाढी करताना तो मान हलवतो, त्याला धरावं लागतं. सोमनाथ तसा शांत माणूस, कधी हात उगारला नव्हता. पण शांत माणसाच्या मनात काय असतं हे पंचवीस वर्षांत तरी तिला कुठे कळलं होतं? या पोराविषयी त्याला काय वाटतं, हे तो एकदाही बोलला नव्हता. तो जेवत असताना तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग विचारलंच.

सोमनाथने घास खाली ठेवला. "माझ्यावर?" तो म्हणाला. "मंगलाबाई झाल्या, आता मी का?"

ताट तसंच टाकून तो उठला. त्यानंतर तो आयुषच्या खोलीत पाऊल टाकेना. दारातून विचारायचा, जेवला का, आणि जायचा. प्रतिभाने त्याचाही अर्थ लावला. ज्याच्या मनात काही नसतं तो असा बाहेर उभा राहतो का?

दसरा पार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या रंगूबाईंना तासभर आयुषपाशी बसवून ती रिक्षाने पेठ रोडला गेली. का गेली हे तिला नीट माहीत नव्हतं. माफी मागायला नक्कीच नाही. मंगलाबाई अजूनही दोषी निघाव्यात असंच तिला आतून वाटत होतं, कारण त्या दोषी निघाल्या तर घरातलं कुणी दोषी नव्हतं.

मंगलाबाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. प्रतिभाने उभ्या उभ्याच सांगितलं की तुम्ही गेल्यावरही डाग आले. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.

"मला कशाला विचारता?" मंगलाबाई म्हणाल्या. "त्याला विचारलं का?"

"त्याला काय विचारणार? त्याला बोलता कुठे येतं?"

"बोलता नाय येत. सांगता येतं."

मग त्यांनी हातातली मेथी बाजूला ठेवली आणि सांगितलं. त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, लकवा झाला होता. शेवटची दोन वर्षं त्यांची वाचा गेली होती. तेव्हा दोघांनी एक खूण ठरवली होती. हो असेल तर डोळे वर न्यायचे, नाही असेल तर मिटायचे. आयुषला हे त्यांनी एप्रिलमध्ये शिकवलं. शिकायला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून तो सगळं सांगतो, काय हवं, काय नको, कोणतं गाणं, कुठे दुखतं.

प्रतिभाने विचारलं की मग मला का नाही सांगितलं. मंगलाबाई म्हणाल्या, सांगायला दोनदा आले होते, तुम्ही म्हणालात की त्याला उगाच काहीबाही शिकवू नका, तो थकतो. प्रतिभाला आठवेना. पण असं ती म्हणाली असेल, हे तिला पटलं.

ती घरी आली. रंगूबाईंना पाठवून दिलं. दार लावलं आणि आयुषच्या खुर्चीपुढे फरशीवर बसली.

तिने त्याला खूण सांगितली, जणू तो ती विसरला असेल. मग विचारलं, तुझं नाव आयुष का? डोळे वर गेले. सरळ पंख्याकडे. तुझं नाव सोमनाथ का? त्याने डोळे मिटले आणि हसला. तिने विचारलं, मंगलाबाई आवडतात? वर. भेंडी आवडते? आयुषने डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. मऊ असते, गिळता येते, म्हणून आठवड्यातून दोनदा ती त्याला भेंडी भरवत आली होती, पंधरा वर्षं तरी.

मग तिने त्याची बाही वर केली.

हे मंगलाबाईंनी केलं का? डोळे मिटले. पप्पांनी? मिटले. खुर्चीला लागलं? हा प्रश्न तिने जरा लांबवून विचारला, हो म्हण रे असं मनात म्हणत. त्याने डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

इथे तिला थांबता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, काय झालं हे कुणाला कळलं नसतं. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा येऊन बसली.

"मी?"

आयुषने डोळे वर नेले नाहीत, मिटलेही नाहीत. तो तिच्याकडे बघत राहिला.

"खरं सांग," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

रागावणं हा शब्द ऐकताच त्याचे पाय एकमेकांत अडकले, अगदी सकाळी अडकायचे तसे. आणि मग हळूहळू त्याने डोळे वर नेले.

तिला वाटलं होतं की ती म्हणेल, नाही, हे खोटं आहे. पण तिचे हातच आधी कबूल झाले. काखेत घातलेली बोटं, त्याचं आखडलेलं अंग, कमरेतली कळ, आणि त्या कळीसरशी बोटं रुतवून त्याला वर ओढणं. एकदा नाही, कितीतरी सकाळी. श्रावणात एकदा त्याने नुकतंच धुतलेलं अंथरूण पुन्हा ओलं केलं, तेव्हा दोन्ही दंड धरून तिने त्याला गदागदा हलवलं होतं. तेव्हा ती काय म्हणाली होती तेही आठवलं. मरत का नाहीस एकदाचा. म्हणून झाल्यावर तिने त्याला अंघोळ घातली होती, पावडर लावली होती, शिरा भरवला होता आणि शेडमध्ये जाईपर्यंत ते सगळं तिच्या मनातून पुसलं गेलं होतं.

"मी बोलते ते सगळं तुला कळतं?"

वर.

"पहिल्यापासून?"

वर.

पंचवीस वर्षं त्याच्यासमोर ती काय काय बोलली होती. बहिणीशी फोनवर, सोमनाथशी, देवाशी, भिंतीशी. तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बऱ्याच वेळाने तिला ते ओट्यापाशी ऐकलेलं बोलणं आठवलं आणि तिने विचारलं, मंगलाबाई म्हणत होत्या, आईला सांगू का, ते याचंच होतं का? आयुषने डोळे वर नेले. तूच नको म्हणालास? पुन्हा वर. माझी भीती वाटते? यावर तो थोडा थांबला, आणि वर.

संध्याकाळी शेडमध्ये सोमनाथ रिकामे क्रेट एकावर एक रचत होता. प्रतिभाने त्याला सांगितलं. काही झाकलं नाही. श्रावणातलंही सांगितलं, शब्दासकट. तो क्रेट धरून उभा राहिला. तिला वाटलं आता हा मला बोलेल, आणि बोलावंच असंही तिला वाटत होतं.

"मला वाटायचं तुला जमतंय," तो शेवटी म्हणाला.

"मलाही तसंच वाटत होतं."

सोमनाथने आयुषला कधी अंघोळ घातली नव्हती. वीस-पंचवीस वर्षांत एकदाही नाही. बाजार, गाडी, पाणी, औषध फवारणी, या सगळ्यात ते आपोआप तिचं झालं होतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने फुलं भावकीतल्या एकाच्या गाडीत पाठवली आणि साडेपाचला आयुषच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. त्याला काहीच येत नव्हतं. साबण डोळ्यांत गेला, पाणी फार गरम झालं, टॉवेल विसरला. प्रतिभा दाराबाहेर उभी राहून सांगत होती. आत गेली नाही.

अंघोळ झाल्यावर सोमनाथने आयुषचे दोन्ही दंड उजेडात धरून पाहिले. ते त्याने तिच्यासमोरच केलं आणि मग चोरी पकडल्यासारखा दचकला.

"बघा," प्रतिभा म्हणाली. "रोज बघत जा. मी दुपारी त्याच्यापाशी असले तरी संध्याकाळी बघा."

तेव्हापासून तो बघतो. ते बघणं तिला सुईसारखं टोचतं आणि तरी ते चुकलं तर ती आठवण करून देते. तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता. कणीक मळताना, जुडीला दोरा आवळताना ती आपल्या बोटांकडे बघायची, ही किती जोर लावतायत म्हणून.

चार दिवसांनी ती पुन्हा पेठ रोडला गेली. या वेळी मंगलाबाईंनी सतरंजी टाकली, चहा ठेवला. प्रतिभाने सगळं सांगून माफी मागितली. तुम्हाला माहीत होतं तरी बोलला का नाहीत, असंही विचारलं.

"तो नको म्हनला," मंगलाबाई म्हणाल्या. "आन खरं सांगू का, माझं काम गेलं असतं. आईनं मारलं असं आईला कोन सांगनार?" चहा गाळून त्यांनी कप पुढे केला. "मीबी मारलं हाय, ताई. मालकांना. भरवत होते तर त्यांनी घास थुकला अंगावर. मारली एक तोंडात. त्यांच्या डोळ्यांतून पानी आलं. नंतर मी त्यांना विचारलं, माफ केलं का, तर त्यांनी डोळं वर बी नेलं नाय, मिटलं बी नाय. पुढं मयनाभरात गेले. कोनाला सांगितलं नव्हतं हे."

प्रतिभाने चहा संपवला. मग प्रतिभाने विचारलं, याल का परत. मंगलाबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मी येईन की नाही हे आयुषदादा ठरवतील, त्यांना समोर बसून विचारते. दुसरं, तुम्ही चार दिवस घरातून जा. कुठेही जा.

आयुषने काय उत्तर दिलं हे सांगायला नको; त्याचं हसणं रंगूबाईंच्या घरापर्यंत गेलं.

दिवाळीनंतर प्रतिभा थोरल्या बहिणीकडे, सिंधूकडे, येवल्याला गेली. एसटीत बसल्यावरच तिचं मन फिरलं. आपल्याला घराबाहेर काढायला या दोघांनी हे ठरवलं तर नसेल? आपल्यामागे त्याला कुठल्या संस्थेत तर नेऊन ठेवणार नाहीत? नांदूर-मध्यमेश्वरच्या फाट्यापर्यंत तिने दोनदा फोन केला. पहिल्या दिवशी एकूण नऊ वेळा. सोमनाथ प्रत्येक वेळी सांगायचा की जेवला, झोपला, हसतोय, आणि ती म्हणायची, फोन त्याच्या कानाला लावा. पलीकडून तो लांब आवाज आला की मगच ती बोलणं थांबवायची.

सिंधूच्या घरात खाली माग होता, तिचे यजमान दिवसभर पैठणी विणायचे. वरच्या खोलीत गादी टाकलेली. दुसऱ्या दिवशी प्रतिभा पाचला जागी झाली आणि काय करायचं ते न कळून गादीवर बसून राहिली. तिला कुणी उचलायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती मागाची खटखट ऐकत पडली आणि उठली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. साडेसहा वाजले होते. साडेपाच तास तिने आयुषला फोन केला नव्हता, आणि तेवढा वेळ तो तिच्या मनातही आला नव्हता. तिने उशीत तोंड खुपसलं. सिंधू वर आली तेव्हा ती रडत होती, पण का ते विचारल्यावर ती म्हणाली की मला भूक लागलीय.

आता सकाळ सोमनाथची आणि मंगलाबाईंची असते. मंगलाबाई सातलाच येतात. फुलं भावकीतल्याच्या गाडीने जातात. रविवारी मात्र ती गाडी नसते, म्हणून सोमनाथला स्वतः बाजारात जावं लागतं आणि यायला उशीर होतो, आणि मंगलाबाईंनाही सुट्टी असते. त्या दिवशी अंघोळ प्रतिभा घालते. आयुषला आधी विचारून. दोन रविवार त्याने डोळे मिटले, तेव्हा सोमनाथ येईपर्यंत थांबावं लागलं. तिसऱ्या रविवारी त्याने वर पाहिलं.

दंडावरचे डाग पंधरा दिवसांत गेले होते. दचकणं गेलेलं नाही. तिने काखेत हात घातला की अजूनही कधी कधी त्याचे पाय अडकतात आणि मग तिच्या कमरेतून ती कळ येते, आणि कळीमागून राग, पूर्वी यायचा तसाच, पोटातून सरसरत. मागच्या रविवारी आला. तिने त्याला हळूच परत खाटेवर ठेवलं, कडेला उशी लावली, मी येते म्हणून सांगितलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. नळ सोडून मनगटांवर पाणी घेतलं. सोमनाथची गाडी अजून दिसत नव्हती. आतून आयुषचा आवाज आला. हाक मारल्यासारखा वाटला तिला, पण खात्री नव्हती, म्हणून ती विचारायला आत गेली.